तुम्ही माझ्या धारेने रद्दी कापलीत

अहो,

तुमच्या दहाव्यापासून मी तुमच्याशी बोललेले नाही. घरातल्यांना वाटतं मला धक्का बसलाय. सून येता-जाता पाठीवर हात ठेवते, शेजारची बाई डाळभाताचं भांडं आणून देते, आणि दाराबाहेर गेल्यावर दोघी हळू आवाजात म्हणतात, आजी अगदी गप्प झाल्यात. मी गप्प झालेले नाही. मी अबोला धरलाय. तुम्हाला फरक कळला असता.

आज बोलते, कारण सुधीरने समोर कोरे कागद आणून ठेवलेत. आपल्या समाजाच्या अंकात तुमच्यावर छापायचं आहे म्हणे. "आई, जन्म, गाव, दुकान कधी काढलं ते सगळं मी लिहितो. तू फक्त चार आठवणी लिही." मनमिळाऊ, कष्टाळू, निर्व्यसनी हे शब्द तो लिहीलच. मी चौथी शिकलेली बाई, मला एवढे मोठे शब्द वापरायची सवय नाही. मला तुम्हाला जे विचारायचं आहे ते विचारते. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मग त्या माणसाने जिवंतपणी बोलायची संधी द्यायची होती.

दहाव्याच्या दिवशी काय झालं ते आधी सांगते. तुम्ही तिथे नव्हतात.

तळ्यावर गेलो होतो. सुधीरचं मुंडण नासीरनेच करायचं, असं मी आधीच सांगून ठेवलं होतं. दुकानात तुमच्या शेजारच्या खुर्चीमागे एवढी वर्षं उभा राहिलेला माणूस, त्याच्यापेक्षा जवळचा न्हावी कोण? तुमच्या चुलत भावाने नाक मुरडलं. म्हणाला, "वहिनी, आपल्यातले न्हावी संपले काय?" मी म्हटलं, "संपले. शेवटचा परवाच गेला. तुमची पोरं तर मोबाइल विकतात." त्याने सरकून नासीरला जागा दिली.

मी तुमचा वस्तरा बरोबर नेला होता. आदल्या दिवशी बसून चामड्याच्या पट्ट्यावर मारून चांगली धार लावली होती, खोबरेल पुसून फडक्यात गुंडाळला होता. मनात आलं, बापाच्या वस्तऱ्याने पोराचे केस उतरावेत. नासीरपुढे धरला.

"इसीसे करना. चाचा का है."

त्याने फडकं उघडलं, पातं उन्हात धरून बघितलं, आणि परत गुंडाळलं. "चाची, मैं ब्लेडवाला लाया हूँ."

"क्यों? धार देख ना. कल ही लगाई है."

"धार तो बहुत है. उसीका तो डर है. मेरा हाथ नहीं बैठेगा. कितने साल हो गये, पकड़ा ही नहीं."

"तूने नहीं पकड़ा. चाचा तो रोज चलाते थे."

नासीर खाली बघायला लागला. गुरुजी घाई करत होते, सुधीर उघड्या अंगाने पाटावर बसला होता. नासीर हळूच म्हणाला, "चाची, चाचा भी ब्लेड ही मारते थे. कबसे. दुकान में उस्तरा किसी के मुँह को नहीं लगा."

"तो रोज ले जाके करते क्या थे?"

त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. मी हात धरून ठेवला तेव्हा दिलं. "पेपर काटते थे, चाची. फेस पोंछने का पेपर."

आपल्या धंद्यातलं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. दाढी करताना पात्यावर आलेला फेस आणि केस पुसायला न्हावी वर्तमानपत्राचे तळहाताएवढे तुकडे कापून ठेवतो. पुसला की चुरगळून टोपलीत. मी रोज सकाळी तासभर उभी राहून लावलेल्या धारेने तुम्ही ते तुकडे कापत होता. दुपारी गिऱ्हाईक नसताना, निवांत. पेपरने धार लवकर जाते. संध्याकाळी बोथट वस्तरा घरी यायचा आणि मी दुसऱ्या दिवशी परत पट्ट्याला लागायची.

सुधीरचे केस ब्लेडने उतरले. मी वस्तरा पदराखाली धरून उभी होते. बायका म्हणाल्या, रडू दे तिला. मी रडत नव्हते. मी मागची वर्षं आठवत होते आणि एकेक दिवस खोटा ठरत होता.

सुरुवात खोटी नव्हती, हे कबूल करते. आपण मुंबईतली खोली सोडून भाईंदरला आलो, चाळीत राहायला लागलो, तेव्हा दुकानाचं शटर ओढताना तुमचं उजवं मनगट लचकलं. कात्री चालवता यायची, पण वस्तरा पट्ट्यावर मारायला मनगट वळेना. डाव्या हाताने करून बघितलंत आणि पट्ट्याचीच चाळण केलीत. मग एका सकाळी, चहा पिताना, माझ्याकडे न बघता म्हणालात, "शिकतेस का?"

पहिल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात वस्तरा दिलाच नाहीत. सुधीरची फुटपट्टी दिलीत. मी म्हटलं, "चेष्टा करता काय?"

"चेष्टा नाही. पट्टा महाग आहे, तुझी बोटंही."

दाराच्या कडीला पट्टा अडकवलात. डाव्या हाताने खालचं टोक ताणून धरायचं. पातं आडवं टेकवायचं, पाठ आणि धार दोन्ही चामड्याला लागली पाहिजेत. मग ओढायचं. पाठ पुढे, धार मागे.

"धार नेहमी मागून आली पाहिजे. नवी नवरी चालते तशी."

"मी कधी तुमच्या मागून चालले?"

"म्हणून तर समजावून सांगतोय."

टोकाला आलं की उचलायचं नाही. पाठीवर लोळवायचं, झोपेत माणूस कूस बदलतो तसं, आणि तसंच परत न्यायचं. हे वाचायला सोपं आहे. मला ते जमेना. मी फुटपट्टी उचलायची आणि आपटायची. तुम्ही खाटेवर बसून बघत असायचा. "दाबू नको. वाटण वाटतेस काय?" मी दाबायची. आयुष्यभर पाटा-वरवंटा, कपडे, भांडी; ज्यात जोर लावायचा नाही असं काम मला कुणी दिलंच नव्हतं. जोर काढून घ्यायला शिकणं हे जोर लावण्यापेक्षा कठीण असतं. शेवटी मला ते घावनावरून कळलं. घावन उलटताना आपण उलथणं मध्ये खुपसत नाही, कडेकडेने सोडवत नेतो आणि ते आपल्या वजनानेच पलटतं. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "मी काय मघापासून वेगळं सांगतोय?" वेगळंच सांगत होता. घावन तुम्ही जन्मात केलं नव्हतं.

फुटपट्टीवरचे आकडे पुसून गेले. शाळेत बाई सुधीरला ओरडल्या. मग तुम्ही मला टोक तुटलेला जुना वस्तरा दिलात, आणि पहिल्याच दिवशी मी पट्ट्यात एवढी खाच पाडली. मला वाटलं आता चिडणार. तुम्ही मोरीतली टाचा घासायची वज्री आणलीत, खाचेच्या उभ्या राहिलेल्या कडा घासून बसवल्यात, वरून तळहाताने चामडं चोळलंत आणि म्हणालात, "हं. पुन्हा." तुमचा तो "हं, पुन्हा" मला अजून ऐकू येतो. त्यात राग नसायचा, लाडही नसायचे. तेवढं तुमचं मला फार आवडायचं. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं.

मग मला आवाज कळायला लागला. हात चुकला की पट्टा चपचप बोलतो. बरोबर पडला की कोऱ्या कापडावरून हात फिरवल्यासारखा नुसता सरसर. डोळे मिटून सांगता यायला लागलं की वरचं टोक टेकलंय का, मधलं पातं टेकलंय का. पट्टा जरा ढिला पडला की धार गोल होते. दिसत नाही, पण होते. ती परत आणायची तर नुसत्या पट्ट्याने भागत नाही, दगडावर जावं लागतं. म्हणून माझा डावा हात उजव्यापेक्षा जास्त दुखायचा. आणि डाव्या हातावर लव म्हणून उरली नव्हती, कारण धार बघायची ती तिथली लव उतरवूनच. एकदा बांगड्या भरताना कासाराने विचारलं, "वहिनी, हाताला भाजलं काय?"

एके दिवशी तुम्ही संध्याकाळी घरी आलात, चपला काढल्यात आणि म्हणालात, "आज गिऱ्हाईक दाढी करता करता झोपलं." बस्स. एवढंच. पण मी त्या दिवशी भाताला पाणी जास्त घातलं, इतकं माझं लक्ष उडालं होतं. कुणा अनोळखी माणसाच्या गळ्यावरून माझी धार फिरली आणि त्याला झोप लागली. मला वाटलं, मीही दुकानात आहे. दिसत नाही, पण आहे.

तेवढं खरं होतं ना? एवढं तरी सांगा.

पुढे तुमचं मनगट बरं झालं. वस्तरा माझ्याकडेच राहिला. तुम्हीच म्हणायला लागलात की आता तुझ्यासारखी धार मला येत नाही. मला ते खोटं वाटलं नाही. कारण ते खरंच होतं. तुम्ही घाई करायचा.

मग तो रोगाचा बोभाटा सुरू झाला. रक्तातून पसरतो, वस्तऱ्याने होतो. गिऱ्हाईक खुर्चीत बसायच्या आधी विचारायला लागलं, नवीन ब्लेड आहे ना? नासीर नुकताच दुकानात आला होता, त्याने ब्लेड अडकवायचे वस्तरे आणले. हे मला माहीत होतं. तुम्हीच सांगितलंत. पण पुढे म्हणालात, "नव्या पोरांना ब्लेड लागतं. माझी जुनी गिऱ्हाइकं आहेत, त्यांना वस्तराच हवा." मी मान डोलावली. बरोबरच वाटलं मला. जुन्या माणसाला जुनं आवडतं.

आणि त्यानंतर काही महिन्यांनी निर्मला आली.

निर्मला म्हणजे चाळीतली आपली शेजारीण, मराठवाड्यातली. ती मला जयभीम म्हणायची, मी तिला रामराम म्हणायची, आणि मग दोघी मिळून नळावरच्या बायकांना शिव्या द्यायचो. तिला जवळच हाटकेश भागात कारखान्याच्या एका गाळ्यात काम लागलं होतं. प्लास्टिकचे डबे बनायचे तिथे. झाकण बसतं की नाही ते बघायचं, कडेला उरलेलं प्लास्टिक पात्याने तासून काढायचं. ती दारात उभी राहून म्हणाली, "सुधीरची आई, चल माझ्यासंगं. तुझा हात असला बारीक कामाचा, तू घरात काय करतीस? साहेबाला मी सांगून ठेवलंय."

मला जायचं होतं. तुम्हाला ते माहीत होतं. मी साडी काढून ठेवली होती, डब्याला काय न्यायचं तेही ठरवलं होतं. तुम्हाला संध्याकाळी सांगितलं. तुम्ही नको म्हणाला नाहीत. नको म्हणाला असता तर मी भांडले असते आणि गेले असते. तुम्हाला तेही माहीत होतं. तुम्ही वस्तरा फडक्यातून काढून माझ्यापुढे ठेवलात.

"जा की. पण मग ह्याला धार कोण लावणार?"

"तुम्ही लावा. हात बरा झालाय."

"माझ्या हाताच्या धारेला आता गिऱ्हाईक नाव ठेवतं. तुझी सवय लागलीय त्यांना. अगं, अर्धं दुकान तुझ्या हातावर आहे."

अर्धं दुकान. मी साडी परत घडी घालून ठेवली.

त्या वेळी तुमच्या दुकानातल्या एकाही तोंडाला माझा वस्तरा लागत नव्हता. मी नासीरला खोदून खोदून विचारलंय. निर्मला दारात आली त्याच्या कितीतरी आधी तुम्ही ब्लेडवर गेला होता. म्हणजे पोटापाण्यासाठी बोललात, भीतीने बोललात, असंही नाही. मला घरात ठेवायचं होतं म्हणून बोललात. दार लावून घेतलं असतंत तर मी दार तोडलं असतं. तुम्ही कौतुक केलंत. कौतुकाला कडी नसते, कुठून तोडायची?

आता मागचं सगळं उलटं दिसायला लागलंय.

एकदा पात्यावर काळं दिसलं. तेलाने निघेना. मी विचारलं, हे काय? तुम्ही पेपरातून डोकंही वर न काढता म्हणालात, "लोक मिशांना डाय लावतात. तो उतरतो." मी त्या मिशांना नावं ठेवत पातं घासलं. छापखान्याची शाई होती ती.

मी म्हणायची, मला एकदा बघायचंय माझी धार गालावर कशी चालते. तुम्ही म्हणायचा, "पुरुष तोंडाला फेस लावून बसलेले, तू तिथे काय बघणार?" आपल्या घराची रीत होती, बाईने दुकानाच्या पायरीवरून डबा द्यायचा आणि मागे फिरायचं. मला ती सासूबाईंची रीत वाटायची. एकदा मी मुद्दाम लवकर आले आणि काचेच्या दारातून डोकावले. तुम्ही एका म्हाताऱ्याची दाढी करत होता. पाठमोरे होता. मी दिसल्याबरोबर नासीर काहीतरी बोलला आणि तुम्ही फेसाचे हात घेऊन बाहेर आलात, डबा घेतलात. मला तेव्हा वाटलं, काय घाई माझ्या डब्याची! मी खूश होऊन घरी आले. काय मूर्ख बाई.

पण सगळ्यात राग कशाचा येतो सांगू? तुम्ही माझी धार तपासायचा. सकाळी निघताना, चष्मा लावून, पातं तिरपं धरून. आणि कधीकधी नापास करायचा. "डावी बाजू राहिलीय. पुन्हा." मी पोळ्या तव्यावर टाकून पुन्हा पट्टा धरायची. अहो, रद्दी कापायला डावी बाजू कशाला लागते? "चालेल" म्हणाला असता तर काय बिघडलं असतं? मी यावर खूप विचार केलाय. दोनच कारणं सुचतात. एक, तुम्हाला नाटक पुरतं वठवायचं होतं. दुसरं, हातात वाईट धारेचा वस्तरा तुम्हाला सहनच होत नव्हता, मग तो कशालाही वापरायचा असो. दुसरं खरं असलं तर थोडं बरं वाटेल. पण कुठलं खरं ते तुम्ही बरोबर घेऊन गेलात.

शिकवलंत ते मात्र खरं शिकवलंत. खोट्या कामासाठी खोटं शिकवून चाललं असतं. तुम्ही तसं केलं नाहीत. याबद्दल मी तुमची ऋणी आहे, आणि याचाच जास्त राग येतो.

घरी मी हे सांगितलं तर सगळे तुमच्या बाजूचे. सुधीर म्हणाला, "आई, उलट बघ ना. तुला वाईट वाटू नये म्हणून बाबा एवढी वर्षं ते करत राहिले. किती जीव होता त्यांचा." सुनेच्या डोळ्यांत पाणी. नासीर भेटायला आला तर म्हणतो, "चाचा आपको बहुत मानते थे, चाची. किसीको उस्तरे को हाथ नहीं लगाने देते थे." मी त्याला विचारलं, "तेरी बीवी सिलाई करती है ना? तू रात को टाँके उधेड़ दे, सुबह वो फिर सिये. मानना बोलेगी क्या वो इसको?" तो हसला आणि मग हसू आवरून चहा प्यायला लागला.

आता राहतो त्या भाईंदरच्याच इंद्रलोक भागातल्या इमारतीत बायका मला "काय नशीबवान" म्हणतात. ही गोष्ट एकीकडून दुसरीकडे गेलीय. जो तो ऐकतो आणि डोळे पुसतो. जणू तुम्ही मला दागिना दिला होता.

फक्त निर्मलाने डोळे पुसले नाहीत. ती आता मुलाकडे राहते, काठी टेकत आली. गाळ्यात ती पुढे सगळ्या बायकांवर देखरेख करायची. मी सांगितलं तर आधी मोठ्याने हसली. "रद्दी! भाऊजी पण ना." मग काठी मांडीवर आडवी घेऊन म्हणाली, "सुधीरची आई, त्या दिवशी मी गेटावर उभी होते तुझ्यासाठी. वॉचमन म्हणाला, आत चल, भोंगा झाला. मी म्हटलं, थांबा, येणार हाय ती." जाताना ती म्हणाली, "तू आली असतीस तर मला कंपनी झाली असती गं." मला एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. माझं काय झालं असतं ते जाऊ दे. कुणाला तरी माझी वाट बघावी लागली, हे तुम्हाला माहीत होतं का?

आता शेवटचे महिने.

तुमचे हात थरथरायला लागले आणि दुकान सुटलं. नासीर येऊन दाढी करून जाईन म्हणाला होता, पण तो तेव्हा गावी गेला होता. तुमचे खुंट वाढले. न्हाव्याच्या घरात दाढी वाढलेला माणूस, बघवेना. मी म्हटलं, "बसा. मी करते."

"तू?"

"धार मी लावते, मग हात काय परक्याचा आणू?"

तुम्ही गॅलरीतल्या खुर्चीत बसलात. मी पाणी गरम केलं, साबण फेसला, पंचा गळ्याभोवती खोचला. कल्ल्याखाली पातं टेकवलं आणि खाली ओढलं. तुम्ही एकदम श्वास घेतलात.

"लागलं?"

"नाही," तुम्ही म्हणालात. "लागलं नाही. काही लागलंच नाही." आणि मग, "अगं, ही तर…"

"ही तर काय?"

"फेस गेला डोळ्यात. पुस जरा."

मी पंच्याच्या टोकाने तुमचे डोळे पुसले. मनात म्हटलं, आजाराने माणूस हळवा होतो. मला काय माहीत, की मी एवढी वर्षं लावलेली धार तुमच्या कातडीला त्या दिवशी पहिल्यांदा लागत होती. मनगट लचकलं होतं तेव्हा ती गिऱ्हाइकाच्या गालांना लागली असेल. तुमच्या गालाला कधीच नाही. तुम्ही स्वतःची दाढी दुकानातच उरकून यायचा, तीही पहिल्यापासून साध्या ब्लेडच्या रेझरने. अर्धं दुकान माझ्या हातावर आहे म्हणणाऱ्या माणसाला माझा हात काय आहे ते तेव्हा कळलं. तुमचं तोंड मी बघत होते. ते कौतुक नव्हतं. काहीतरी हातातून पडून फुटल्यावर माणूस बघतो तसे तुम्ही समोरच्या इमारतीकडे बघत होता.

नासीर गावाहून आला तेव्हा तुम्ही त्याला हात लावू दिला नाहीत. "आता हीच करते," म्हणालात. मग शेवटपर्यंत मीच केली. रोज सकाळी तुमची हनुवटी माझ्या बोटांत असायची. रोज तुम्ही बोलायला तोंड उघडायचा आणि मी म्हणायची, "हलू नका." हे मी म्हणायला नको होतं की काय? पण फेस धुतल्यावर तर बोलता आलं असतं. दुपारी आलं असतं. चहा पिताना, माझ्याकडे न बघता, जसं "शिकतेस का" म्हणाला होता, तसं.

वस्तरा गळ्यावर असताना कोण खरं बोलेल, असं म्हणून मी एकटीच हसले परवा. पण तुम्ही मला घाबरायचा नाहीत. मग कशाला घाबरलात?

सांगायचं होतंत. मी काय केलं असतं ते मला माहीत आहे, कारण मी मला ओळखते. मी वस्तरा पुसला असता, मिटला असता, आणि तुम्हाला तसंच खुर्चीत सोडून आत गेले असते. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर फेस सुकत चाललेला. सुधीरने विचारलं असतं तर म्हटलं असतं, तुझ्या बाबांना विचार. दिवसभर तुम्ही अर्ध्या तोंडाने घरात वावरला असता. जेवायला वाढलं असतं, पण बोलले नसते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गरम करून राहिलेला गाल केला असता.

तेवढाच राग होता माझा. एक दिवस पुरेल एवढा. तुम्ही तो सोसला नाहीत. आता तो माझ्याकडे तेवढाच्या तेवढा आहे, आणि समोर गाल नाही.